शाळेची झेरॉक्स, ग्रंथालयाचं स्कॅनिंग आणि कॉपीराइट: नेमकं काय चालतं?

नौपाडा_ग्रंथपाल

ठाण्यातल्या एका मराठी शाळेच्या ग्रंथालयासाठी विचारते आहे. सध्या चार कामं समोर आहेत.

आठवीच्या वर्गाला एका हयात कवीच्या संग्रहातल्या सहा कविता शिकवायच्या आहेत. मुलं ४१, संग्रह ७२ पानांचा. काही शिक्षकांचं म्हणणं, सहा कशाला, अख्खा संग्रह स्कॅन करून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू.

दुसरं, कपाटात १९३० ते १९६० च्या काळातल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. पान उलटलं की कोपरा हातात येतो. ते स्कॅन करायचे आहेत.

तिसरं, स्नेहसंमेलन गडकरी रंगायतनला आहे आणि ते यूट्यूबवर थेट दाखवायचं घाटतंय.

चौथं, सातवीत एक दृष्टिबाधित मुलगी आहे. तिला अवांतर वाचनाची पुस्तकं द्यायची आहेत.

सगळीकडे एकच उत्तर ऐकू येतं, "दहा टक्क्यांपर्यंत चालतं." हे दहा टक्के कायद्यात कुठे आहेत? जाणकारांनी कलमासकट सांगावं.

---

पारसिक_बोगदा

कुठेच नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणासाठी टक्क्यांची मर्यादा नाही. 'तीस सेकंदांपर्यंत गाणं चालतं' हेही त्यात नाही.

गोंधळाचं मूळ असं की आपण 'फेअर यूज' हा अमेरिकेचा शब्द वापरतो. तिथल्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये चार कसोट्या आहेत: वापराचा हेतू, कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि बाजारावर परिणाम काय. त्या कोणत्याही वापराला लावून पाहता येतात. आपल्याकडे आहे 'फेअर डीलिंग'. त्यासाठी कलम ५२(१)(ए) मध्ये हेतू नावानिशी दिले आहेत: संशोधनासह खाजगी वापर, टीका किंवा परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. त्याशिवाय शाळा, ग्रंथालय, परीक्षा, अपंग व्यक्ती यांच्यासाठी त्याच कलमात वेगवेगळी उपकलमं आहेत. म्हणून आधी आपलं काम कोणत्या उपकलमात बसतं ते पाहायचं. कशातच बसत नसेल, तर 'आम्ही पैसे घेत नाही' एवढ्यावर सुटका नाही.

तुमची चार कामं चार वेगळ्या उपकलमांत जातात, तेव्हा एकच उत्तर मिळणार नाही.

---

येऊरची_वाट

कवितांचं सांगतो. कलम ५२(१)(आय): शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा आणि उत्तरपत्रिकेतला उतारा, हे तिन्ही हक्कभंग नाहीत. सहा कविता, ४१ प्रती, वर्गात शिकवण्यासाठी: बिनधास्त काढा. प्रत्येक पानावर कवीचं आणि संग्रहाचं नाव मात्र टाका.

यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर आणि विद्यापीठावर दावा लावला. दुकानात अभ्यासक्रमाप्रमाणे निवडक प्रकरणांच्या बांधलेल्या प्रती मिळत. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने म्हटलं की 'शिकवण्याचा ओघ' वर्गातल्या तासापुरता नाही, त्यासाठी नेमलेलं वाचनही त्यात येतं, आणि किती पानं हे शिकवण्याच्या गरजेवरून ठरेल. म्हणजे टक्केवारी बाद. ७२ पैकी ७२ पानं शिकवायची असतील तर ७२ सुद्धा.

---

वाशी_सेक्टर_सतरा

@येऊरची_वाट, शेवटचं वाक्य घाईचं आहे. खंडपीठाने दावा पूर्ण निकाली काढला नव्हता. प्रतींमध्ये घेतलेला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर गरजेचा होता का, आणि अख्खी पुस्तकं झेरॉक्स करणं बसतं का, हे मुद्दे पुराव्यांसाठी परत पाठवले होते. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे तो पुरावा कधी झालाच नाही. 'अख्खं पुस्तक चालतं' असं त्या निकालातून काढता येत नाही.

आणि इथे पुस्तक बाजारात मिळतंय, पातळ आहे, कवी हयात आहे. मराठी कवितासंग्रहाची आवृत्ती शेकड्यांतच निघते. अशा पुस्तकाची पीडीएफ ४१ घरांत गेली की ती ४१ घरांत राहत नाही, संध्याकाळपर्यंत शहरभर होते. 'शिकवण्याच्या ओघात' हे शब्द शिकवणारे आणि शिकणारे यांच्यापाशी संपतात. पालकांचा ग्रुप म्हणजे वर्ग नव्हे.

---

येऊरची_वाट

ग्रुपबद्दल मान्य. अख्ख्या पुस्तकाबद्दल अंशतः मान्य. पुस्तक बाजारातून संपलेलं असेल आणि सगळं शिकवायचंच असेल, तर माझं म्हणणं कायम आहे.

---

खाडीकाठ

पाठ्यपुस्तकावर छापलेलं असतं की कोणताही भाग लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येणार नाही. मग बालभारतीचा धडा फळ्यावर लिहिणंही गुन्हा म्हणायचा का?

---

पारसिक_बोगदा

@खाडीकाठ, नाही. ती हक्कधारकाची सूचना आहे. कायद्याने दिलेली मोकळीक पुस्तकावरच्या एका ओळीने जात नाही, मग ते पुस्तक बालभारतीचं असो की खाजगी प्रकाशकाचं. पण ती ओळ निरर्थकही नाही. तोच धडा घेऊन कोणी विक्रीसाठी गाइड छापलं, तर ती लागू होते. ई-बालभारतीवरची पीडीएफ फुकट उतरवता येते म्हणून ती पुन्हा छापून विकण्याचा हक्क मिळत नाही. फुकट मिळणं वेगळं आणि मुक्त परवाना असणं वेगळं.

---

रबाळे_रात्रशाळा

याच संदर्भात क्लासवाल्यांचं काय? ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडपर्यंत क्लासेसच्या 'नोट्स' निघतात, त्यात अर्धी पानं दुसऱ्यांच्या पुस्तकांतली असतात.

---

वाशी_सेक्टर_सतरा

@रबाळे_रात्रशाळा, कलमात 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' हे शब्द आहेत, संस्थेचा प्रकार लिहिलेला नाही. पण दिल्लीचा निकाल विद्यापीठातल्या नेमलेल्या वाचनाबद्दल होता. त्याच्या आधारावर दुसऱ्याच्या पुस्तकातली पानं बांधून फीमध्ये धरून विकणं हा वेगळाच व्यवहार झाला. शिक्षणासाठी संकलन छापायचं असेल तर कलम ५२(१)(एच) आहे, पण ते फार अरुंद आहे: संग्रहातला बराचसा मजकूर कॉपीराइटबाहेरचा हवा, बाकीचे उतारे छोटे हवेत, आणि एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे त्याच प्रकाशकाने पाच वर्षांत घ्यायचे नाहीत. पूरक वाचनाच्या पुस्तिका छापणाऱ्या शाळा नेमक्या इथे अडकतात. झेरॉक्सची मोकळीक छापील पुस्तिकेलाही आहे असं धरून चालतात.

---

तलावपाळी

कवितांवरून आठवलं. मुदत संपलेल्या लेखकांचं वाचन लावलं तर यातलं काहीच पाहावं लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. १९९२ पर्यंत ५० होती, नंतर ६० झाली.

साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं. मर्ढेकर १९५६, म्हणजे १ जानेवारी २०१७. केशवसुत, बालकवी, गडकरी तर कधीचेच मोकळे. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघंही १९६९ चे, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९ अखेर. पु. ल. २०००, म्हणजे २०६० अखेर. बहिणाबाई १९५१, म्हणजे २०११ अखेर.

---

कोपरी_पूल

@तलावपाळी, बहिणाबाईंचं गणित वेगळं आहे. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये आल्या. मरणोत्तर प्रकाशित कृतींना कलम २४ लागतं, तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून २०१२ अखेर. आज फरक पडत नाही, पण मरणोत्तर निघालेल्या दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला हाच नियम लावला की मोठा फरक पडतो. डायऱ्या, पत्रसंग्रह यांच्या बाबतीत हे हमखास चुकतं.

जुनं मराठी पुस्तक हातात घेतलं की प्रकाशकाचा पत्ता असलेलं आतलं पान नीट वाचा. तिथे तीन ठिकाणी फसगत होते. एक, वर्ष शके असतं. शके १८७३ मध्ये ७८ मिळवले की १९५१ येतं, आणि पुस्तक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे पौष-माघ-फाल्गुनात निघालं असेल तर १९५२ असू शकतं. दोन, 'सर्व हक्क' पुष्कळदा लेखकाच्या पत्नीच्या नावे असतात. परवानगी तिच्याकडून किंवा वारसांकडून घ्यायची, पण मुदत मोजायची ती लेखकाच्या मृत्यूपासूनच, हक्क ज्याच्या नावे आहेत त्याच्या नव्हे. तीन, अनुवाद. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी अनुवादकाची ६० वर्षं स्वतंत्र चालतात. ज्ञानेश्वरीची ओवी सगळ्यांची, तिच्याखालचा आजचा अर्थ आणि टीपा लिहिणाऱ्याच्या.

---

तलावपाळी

बरोबर. बहिणाबाईंची दुरुस्ती मान्य, माझ्या यादीत बदल करतो.

---

ऐरोली_लोकल

मासिकांच्या खंडांबद्दल.

कलम ५२(१)(एन) म्हणतं: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते. शब्द 'साठवणं' आहे, वेबसाइटवर टाकणं नाही. शेजारचंच (ओ) म्हणतं की भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात, आणि त्या ग्रंथालयप्रमुखाच्या सांगण्यावरून. झेरॉक्सवाल्याने परस्पर काढलेली चौथी प्रत यात बसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ठिसूळ खंड सपाट काचेच्या स्कॅनरवर उलटा दाबायचा नाही. पुठ्ठ्याचा कणा तिथेच फुटतो आणि शिवण सुटते. वरून फोटो घेणारा ओव्हरहेड स्कॅनर घ्या, किंवा स्टँडला लावलेला कॅमेरा. खंड साधारण ९० ते १०० अंशांतच उघडायचा, दोन्ही बाजूंना फोमचे पाचर लावून. डावी पानं आधी सगळी, मग उजवी, म्हणजे दर पानाला खंड हलवावा लागत नाही. मूळ प्रत ३०० डीपीआयला, टिफमध्ये. बारीक टायपातल्या जाहिराती आणि तळटीपा असतील तर ४०० ला. काळं-पांढरं निवडू नका, करड्या छटांत ठेवा. पिवळ्या कागदावर काळं-पांढरं केलं की अनुस्वार आणि रफार गळतात, आणि मग ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी प्रणाली) 'अंक' चं 'अक' करतो. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर. आपल्या पावसाळ्यात तळमजल्यावरचं कपाट आणि हार्ड डिस्क एकाच खोलीत ठेवू नये.

---

कोपरी_पूल

@ऐरोली_लोकल, तांत्रिक भाग उत्तम. एक अडचण राहते. कलमात 'सार्वजनिक ग्रंथालय' आहे. शाळेचं ग्रंथालय फक्त शाळेपुरतं असेल तर (एन) आणि (ओ) चा आधार डळमळीत होतो. सोपा मार्ग म्हणजे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाशी जोडून काम करणं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, या शहरात जुन्या नियतकालिकांची जाण असलेली माणसं आहेत. आधी त्यांच्या यादीत आपले अंक आहेत का ते ताडून पाहा. एकच अंक दोनदा स्कॅन करण्यात वेळ घालवू नये.

आणि खुलं करायचं झालं तर मासिकातल्या प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा. १९३५ च्या अंकातला एखादा लेखक १९९० पर्यंत जगला असेल, तर त्याचा लेख २०५० अखेरपर्यंत बंद. म्हणून अंकवार नव्हे, लेखवार तक्ता करा: लेख, लेखक, मृत्यूचं वर्ष, मोकळं होण्याचं वर्ष. निनावी लेख असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. लेखकाचा पत्ताच लागत नसेल तर कलम ३१-ए आहे, पण तिथे देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आधी जाहिरात द्यावी लागते आणि मग सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज. एका लेखासाठी शाळेने एवढं करणं झेपत नाही. असे लेख साठवून ठेवायचे आणि ग्रंथालयात येऊन वाचायला द्यायचे.

---

नेरुळ_नाट्य

स्नेहसंमेलन. कलम ५२(१)(जे): शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक, कविता, संगीत सादर करणं चालतं. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रित गाणंही चालतं, प्रेक्षक जर शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोकांपुरते असतील. गडकरी रंगायतन असो वा वाशीचं विष्णुदास भावे, जागा बदलली म्हणून मोकळीक जात नाही. प्रेक्षक बदलले की जाते. तिकीट लावून बाहेरचे लोक बसवू नका. तेच बालनाट्य पुढे स्पर्धेला न्यायचं असेल तर लेखकाचं संमतीपत्र आधी घ्या, बहुतेक स्पर्धा अर्जासोबत ते मागतातच.

थेट प्रक्षेपण मात्र या कलमात नाही. यूट्यूबवर गेलं की प्रेक्षक मर्यादित राहत नाहीत. व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवला तरी तिथली कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखतेच. दावा आला तर सहसा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. तो दावा म्हणजे 'स्ट्राइक' नव्हे. पण हक्कधारकाने रीतसर काढण्याची मागणी केली तर स्ट्राइक येतो, आणि ९० दिवसांत तीन आले की वाहिनी बंद होऊ शकते. शाळेच्या वाहिनीवरचे वर्षभराचे विज्ञान प्रयोगही त्यासोबत जातात.

उपाय एकच, चित्रीकरण करताना कार्यक्रम तुकड्यांत ठेवा. ईशस्तवन, भाषणं, बक्षीससमारंभ, स्वतः लिहिलेली नाटुकली वर टाका. चित्रपटगीतांवरचे नाच टाकू नका.

---

तलावपाळी

अभंग टाकले तर? तुकोबांना कोण हरकत घेणार!

---

नेरुळ_नाट्य

@तलावपाळी, शब्दांना कोणीच नाही. चाल पाहा. गाजलेल्या अभंगांच्या चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत आणि संगीतरचना ही स्वतंत्र कृती आहे. त्यावर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे. मुलांनी वारकरी पारंपरिक चालीवर टाळ-मृदंगासह प्रत्यक्ष गायलं तर काहीच अडत नाही. कॅराओके ट्रॅक लावला की तो ट्रॅकही कोणाचा तरी असतो.

---

घणसोली_गाव

चौथ्या कामाकडे कोणी वळलं नाही, आणि खरं तर कायदा तिथेच सगळ्यात उदार आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला नेहमीच्या स्वरूपात कृती वापरता येत नसेल, तर कोणीही तिच्यासाठी सुलभ स्वरूपातली प्रत करू शकतं: ब्रेल, ध्वनी, मोठा टाइप, स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचता येईल असा मजकूर. इथे अख्खं पुस्तकही चालतं, हयात लेखकाचंही. संस्था करत असेल तर नफा नको, फक्त खर्च घ्यायचा, आणि प्रत फक्त अपंग वाचकांकडे राहील याची काळजी घ्यायची. पुढे २०१३ चा मराकेश करार याच विषयावर झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश होता.

करताना एक मोठी चूक होते. पानांचे फोटो काढून पीडीएफ देतात. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच नसतं, चित्र असतं. तो गप्प बसतो किंवा 'ग्राफिक' म्हणतो. दुसरी चूक, जुन्या डीटीपी फाँटमधली फाइल. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत लॅटिन अक्षरांचे संकेत असतात, म्हणून रीडर काहीतरी अगम्य वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा. ओसीआर केलं तर एकदा मोठ्याने वाचून दुरुस्त करा, विशेषतः जोडाक्षरं. प्रकरणांना शीर्षक-शैली द्या, म्हणजे मुलीला एका कळीने पुढच्या प्रकरणावर जाता येईल. आणि नवं करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे सुलभ स्वरूपातल्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, ते पुस्तक आहे का ते पाहा.

---

ऐरोली_लोकल

फाँटवरून एक आडवं सांगून घेतो. फेअर डीलिंगच्या कलमातून संगणक प्रणाली मुद्दाम वगळल्या आहेत. 'शिक्षणासाठी आहे' म्हणून शाळेच्या वीस संगणकांवर एकाच परवान्याचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. मराठी कामासाठी त्याची गरजही नाही: 'मुक्त' आणि 'बालू' हे 'एक टाइप' या संस्थेचे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. छापा, वाटा, पोस्टर करा.

---

खाडीकाठ

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हरही सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे, मराठी गोष्टी आहेत. नाव देऊन छापता येतात, ग्रुपवरही टाकता येतात.

---

कळवा_खारेगाव

ग्रंथालयातून सीडी-डीव्हीडी घरी द्यायला परवाना लागतो का?

---

वाशी_सेक्टर_सतरा

@कळवा_खारेगाव, नाही. रीतसर विकत घेतलेली प्रत ना-नफा ग्रंथालयाने देणं 'व्यावसायिक भाडं' या व्याख्येतूनच वगळलं आहे. पुस्तक तर देताच येतं. सभासदाने एक प्रकरण स्वतःच्या अभ्यासासाठी झेरॉक्स करणंही (ए) मध्ये बसतं. ई-पेपरची पीडीएफ ग्रंथालयाच्या ग्रुपवर रोज टाकणं मात्र बसत नाही. कात्रणवही करा, ती खुशाल वाचायला द्या.

---

नौपाडा_ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. कामं अशी लावली आहेत.

सहा कवितांच्या ४१ प्रती कागदावर, नावासह. त्यासाठी झेरॉक्सची नोंदवही केली: तारीख, पुस्तक, पान क्रमांक, इयत्ता, प्रती, कोणत्या पाठासाठी, शिक्षकांची सही. संग्रहाच्या पाच प्रती ग्रंथालयासाठी विकत घेणार. मासिकांसाठी लेखवार तक्ता सुरू केला, स्कॅनिंग सार्वजनिक ग्रंथालयाबरोबर. संमेलनाचं थेट प्रक्षेपण रद्द, निवडक भाग नंतर. त्या मुलीसाठी युनिकोड मजकुराची पहिली तीन पुस्तकं शिक्षकांनी वाटून घेतली आहेत.

सहा कविता शाळेच्या वेबसाइटवरही ठेवायच्या आहेत, त्यासाठी कवीला विचारणार आहोत. पत्राचा मसुदा: 'आपल्या संग्रहातील पुढील सहा कविता शाळेच्या संकेतस्थळावर विनामूल्य प्रसिद्ध करण्यास परवानगी द्यावी.' पुरेसा आहे का?

---

कोपरी_पूल

पुरेसा नाही. मुदत लिहा. परवानगीत मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. वेबसाइट तर जगभर दिसते. सहाही कवितांची शीर्षकं, पानं आणि आवृत्ती लिहा. हक्क कवीकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे आतल्या पानावर पाहून योग्य माणसाला पाठवा. परवाना लेखी लागतो, ईमेलचं उत्तर जपून ठेवलं तरी चालेल. आणि कविता टंकून घेतल्यावर प्रसिद्ध करण्याआधी त्यांना वाचायला पाठवा. एक ओळ जरी तुटली तरी कवितेचं नुकसान होतं, आणि तशी हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ ने लेखकाला वेगळा दिलेला आहे.

---

नौपाडा_ग्रंथपाल

पत्र बदललं: दहा वर्षं, जगभर, शीर्षकं आणि पान क्रमांकांसह. आतल्या पानावर हक्क कवीच्या पत्नीच्या नावे आहेत, म्हणून पत्र त्यांना आणि प्रत कवींना. उद्या पोस्टाने आणि ईमेलने दोन्हीकडून जाईल.